माडवेळच्या सड्यावरची माणसांची कड

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा द्वारका सारंग कड्याशी जाऊन समुद्राकडे पाठ करून बसली. वेळ एवढी नेमकी कशी सांगता, असं येणारे पाहुणे हटकून विचारतात. तर त्या काळी अख्ख्या माडवेळ गावात मनगटी घड्याळ एकच होतं, केशव सारंगाचं, आणि त्यानं ते त्याच क्षणी घाबरून पाहिलं होतं. माणूस घाबरला की देवाचं नाव घेतो. केशव जन्मभर बोटीवर राहिलेला, त्याला आधी घड्याळच आठवलं.

माडवेळच्या क्लबाचा जन्म गाव तेव्हापासून धरतं. चेंडू गावात आला तेव्हापासून नाही की खांब पुरले तेव्हापासून नाही.

पाखाडीच्या पायऱ्या चढून वर आलं की एकदम सडा लागतो. सगळा जांभा कातळ, त्यावर पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. त्यातलं गवत कापून अंड्याच्या आकाराचं मोठं मैदान केलेलं आहे, दोन्ही टोकांना पोफळीचे चार चार उंच खांब. तीन बाजूंना करवंदीच्या जाळ्या. चौथ्या बाजूला काहीच नाही. गवत संपतं, कातळ संपतो आणि खाली समुद्र. 

आणि त्या चौथ्या बाजूला सामन्याआधी एक अजब गोष्ट दिसते. दोन्ही संघांतला सगळ्यात उंच खेळाडू येतो, कड्याकडे डोकं करून जमिनीवर उपडा झोपतो, हात डोक्याच्या पुढे ताणतो. त्याची बोटं कड्याला टेकली की टाचांपाशी चुन्याची रेघ ओढतात. मग तो कड्याच्या कडेनं बाजूला बाजूला सरपटत जातो आणि अशी सगळी कड मोजून होते. त्या चुन्यावर माणसं येऊन बसतात. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे खांद्याला खांदा लावून, पाठ समुद्राला. यांना कडेकरी म्हणतात. हेच क्लबाचे सभासद. खेळणारे सभासद नव्हेत, बरं का. कितीही चांगला खेळला तरी नाही.

पाहुणे म्हणतात, अहो, भिंत का नाही घालत? मग गावातलं कुणीतरी जुनं माणूस त्यांना करवंदीच्या सावलीत बसवतं आणि द्वारकेची गोष्ट सांगतं.

द्वारकेचा धाकटा दीर केशव. बोटीवर खलाशी. एका वर्षी त्याची बोट ऑस्ट्रेलियात एका बंदरात नादुरुस्त झाली आणि तिकडचा सगळा हिवाळा गोदीत अडकून पडली. परका मुलूख, अंगात पातळ कोट, बोलायला कुणी नाही. गोदीत एक म्हातारा सुतार होता म्हणे. त्यानं एका शनिवारी केशवला हाताला धरून नेलं, आपल्या गळ्यातला दोन रंगी मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला आणि मैदानाच्या काठाला बाकड्यावर बसवलं. पुढच्या शनिवारी परत नेलं. हिवाळा संपेपर्यंत केशव त्या क्लबाचा मेंबर झालेला होता.

तो गावी आला तो तांबडा लांबट चेंडू बगलेत मारूनच. ओट्यावर माणसं जमली. गावात जनूआबा म्हणून एक म्हातारा होता, त्याला बोलल्याशिवाय पाणी पचत नसे. त्यानं चेंडू उलटा सुलटा करून पाहिला.

"केशवा, एवढ्या लांबनं येताना न सोललेला, असोला नारळ कशाला आणलास रे? आपल्याकडे काय माड कमी होते?"

"आबा, हा चेंडू आहे."

"मग गोल करायला त्यांना वेळ नाय मिळाला काय?"

केशवनं खेळ समजावला. अठरा जण इकडे, अठरा जण तिकडे. चेंडू लाथेनं उडवायचा नाहीतर मुठीनं ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. हवेतला चेंडू जो उडी मारून झेलेल त्याला कुणी अडवायचं नाही, त्यानं निवांत लाथ मारावी. चार खांबांपैकी मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण. नेम चुकला, बाजूच्या खांबातून गेला, तरी एक.

"चुकलं तरी एक?" जनूआबा सरळ होऊन बसला.

"तरी एक."

"मग ही माणसं बरी असणार. आपल्याकडं चुकलं की आधी कान धरतात."

पण गावाला सगळ्यात नवल वाटलं ते मेंबरांचं. केशव सांगे, खेळतात अठरा पण मेंबर हजारो. बाप मेंबर, आजा मेंबर, पोर जन्मलं की बारशाच्या आधी त्याचं नाव क्लबात. खेळाडू येतात नि जातात, मेंबर मरेपर्यंत मेंबर.

"आणि ते करतात काय?"

"येऊन बसतात."

"नुसते?"

"नुसते कसे! ओरडतात, रडतात, शिव्या घालतात. पाऊस आला तरी उठत नाहीत."

"मग मी इथला जुना मेंबर," जनूआबा म्हणाला. "पाऊस आला तरी ओट्यावरनं हलत नाय, आणि शिव्या तर रोज घालतो."

अख्खा ओटा हसला. हसू ओसरल्यावर केशव जरा हळवा होऊन म्हणाला, "काय सांगू तुम्हाला, तिथं मैदानाला कड नसते. माणसंच कड असतात."

त्याला म्हणायचं होतं की गर्दी फार असते. तिथं पांढरी रेघ असते, कुंपण असतं, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. पण गावानं ते शब्दाला शब्द धरून घेतलं. या खेळात मैदानाभोवती माणसं बसल्याशिवाय मैदान पुरं होत नाही, असा सगळ्यांचा समज झाला. दाराच्या आडून द्वारका ऐकत होती, तिचाही झाला.

आता एवढं मोठं मैदान कोकणात आणायचं कुठनं? खाली भाताची खाचरं, हातभर जागेला बांध. सपाट असा एक सडाच. पोरांनी गवत कापलं, खांब पुरले. आणि द्वारकेच्या जिवाला घोर लागला.

कारण तो कडा तिला ठाऊक होता. तिचा नवरा राघो श्रावणातल्या धुक्यात त्याच सड्यावर गवत कापायला गेला होता. डोक्यावर भारा घेऊन निघाला, भाऱ्याचं गवत डोळ्यांवर आलेलं, पायाखालची वाट संपलेली त्याला दिसली नाही. तेव्हा मुकुंद पाळण्यात होता. द्वारकेनं काथ्या वळून त्याला मोठा केला. काथ्या वळणाऱ्या बाईचे पंजे बघा कधी, सांडशीसारखे होतात. मुकुंद वीस वर्षांचा झाला, माडावर खारीसारखा चढायचा, उडी तर अशी की खाली येताना थांबून विचार करतो की काय असं वाटावं. चेंडू आल्यावर दोनच दिवसांत सगळ्यांना कळलं की हवेतला झेल मुकुंदाचा. तो वर बघायचा, आणि मग त्याला जगात दुसरं काही दिसायचं नाही.

तेच तर! द्वारकेला रात्रंदिवस तेवढंच दिसे. वर बघत धावणारं पोर आणि संपलेला कातळ.

तिनं केशवला अंगणात गाठलं.

"भावजी, तिकडनं चेंडू आणलात की माझ्या पोराचं मरण आणलंत?"

"वैनी, पोरं सांभाळून खेळतील."

"तुमचा भाऊ काय बेसावध होता?"

 केशवनं उपाय करून पाहिले. कड्याला बांबू रोवून मासेमारीचं जुनं जाळं बांधलं, समुद्राचा वारा एका संध्याकाळीत ते फाडून घेऊन गेला. दगडाची गुडघाभर भिंत घालू म्हणाला, तर जनूआबानंच टोकलं, की धावत येणारा त्या भिंतीला अडखळून उलट लवकर पलीकडे जाईल. एक माणूस हाका मारायला उभा केला, तर वाऱ्यात त्याची हाक त्यालाच ऐकू येईना. शेवटी द्वारकेनं मुकुंदाला समोर बसवलं आणि आपल्या गळ्याची शपथ घातली, सड्यावर खेळायचं नाही.

मुकुंद उठला. शपथ त्यानं मोडली नाही. वाडीतली पोरं चिडवत, "मुकुंदा, आवशीनं पदराला गाठ मारून ठेवलंय काय रे तुला?" तो हसून पुढे जाई. घरातलं काम करी, माडावर चढे, जेवे. द्वारकेचा जीव भांड्यात पडला.

पण आईच्या जिवाला भांड्यात राहायची सवय नसते. एके दिवशी अंगणावरून घार गेली, तिच्या पायात भला मोठा मासा तडफडत होता. काय ती गंमत! अंगणातली बायकापोरं ओरडत वर बघायला लागली, जनूआबानंसुद्धा मान उचलली. मुकुंद तेवढा खाली बघून सुंभ सोडवत बसला होता.

"अरे, वर बघ ना," द्वारका म्हणाली.

"कशाला? मी वर बघितलं की तुला भीती वाटते."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो साधेपणानं बोलला. मग ती त्याच्याकडे लक्ष देऊन पाहायला लागली. रस्त्यानं चालतानाही त्याची मान खाली. वीस वर्षांचं पोर, आणि चाल म्हाताऱ्यासारखी. आपण पोराला कड्यापासून वाचवलं खरं, पण हे उरलं ते काय वाचलं, हा विचार तिच्या काळजात काट्यासारखा मोडून बसला. त्याला खेळू दिलं तर एका दिवसात जाईल. नाही दिलं तर रोज थोडा थोडा जाईल. दोन्हीकडून आईच.

दसऱ्यानंतर खाडीपारच्या गावाशी पहिला सामना ठरला. खाडीपारची पोरं दणकट, होड्या वल्हवणारी. त्यांचा म्होरक्या युनूस, पाच गावांत त्याच्याएवढं उंच कुणी नव्हतं. दोन्हीकडे अठरा जमेनात म्हणून चौदा चौदांवर भागवलं. दुपारी गाव सड्यावर लोटलं. आणि पाखाडी चढून द्वारका आली, पदर खोचलेला, पाठीमागे मुकुंद.

ती थेट कड्याकडे निघाली. पोरं बाजूला झाली. कड्यापाशी ती थांबली आणि मुकुंदाला म्हणाली, "आडवा हो."

"काय?"

"आडवा हो म्हणते ना. डोकं समुद्राकडे. अगदी कड्याला लाव."

सगळ्या गावासमोर वीस वर्षांचा घोडा जमिनीवर आडवा झाला. खाडीपारची पोरं फिदीफिदी हसायला लागली. द्वारकेनं त्याच्या टाचांपाशी एक दगड ठेवला, त्याला उठवलं आणि त्या दगडाच्या जागी स्वतः बसली. समुद्राकडे पाठ, मैदानाकडे तोंड. केशव शिट्टी गळ्यात घालून धावत आला, हातातल्या घड्याळाकडे त्यानं का पाहिलं ते त्यालाही सांगता आलं नाही. तीन वीस.

"वैनी, हे काय? उठा तिथनं!"

"तुम्हीच म्हणालात ना भावजी, तिकडे माणसंच कड असतात. मग ही घ्या कड. भिंतीला माणूस विसरतो. आई बसलीय हे नाय विसरत. आणि विसरलाच, आपटला माझ्यावर, तर पडू दे लांबीभर, पण जमिनीवर पडेल. तेवढी जागा मी पाठीमागं ठेवलीय."

"तिकडे असं नसतं हो वैनी..."

"आता इकडे आहे." मग मुकुंदाकडे बघून म्हणाली, "माझी शपथ मी परत घेतली. जा. पण तू या सड्यावर खेळतोस तोवर माझी पाठ समुद्राला राहील. वर बघ, काय बघायचं ते."

युनूस मोठ्यानं म्हणाला, "सारंगांची पोरं आवशीला घेऊन खेळतात वाटतं! दुधाच्या बाटल्या पण आणल्यात काय?"

हशा उठला. पण तो पुरता व्हायच्या आत खाडीपारच्या बाजूनं एक बाई उठली. डोक्यावर मासळीची पाटी वाहून मान ताठ झालेली, रुंद खांद्यांची. ही खैरूनबी, युनूसची आई. ती सबंध मैदान ओलांडून आली.

"हसतोस काय मेल्या?" ती लेकावर खेकसली. "तिचं पोर पडेल आणि तू काय उडशील?" आणि द्वारकेला म्हणाली, "सरक गो बाय जरा. तुझ्या पोराला कड आहे, माझं काय वाऱ्यावर सोडलंय?"

ती द्वारकेच्या शेजारी टेकली. मग माडवेळची एक आली, खाडीपारच्या दोघी आल्या. मग जनूआबा काठी टेकत आला, म्हणाला, "मी जुना मेंबर, मला जागा द्या," आणि बसता बसता खाली बघून त्याचं तोंड पांढरं पडलं तरी उठला नाही. बघता बघता सगळी कड भरली. केशव नुसता उभा राहून बघत होता. त्याचे डोळे भरून आले, असं सांगतात. त्या परक्या बंदरात काय होतं ते त्याला गावाला सांगता आलं नव्हतं, आणि गावानं ते त्याच्यापेक्षा चांगलं समजून घेतलं होतं.

त्यानं चेंडू मधोमध कातळावर आपटून उडवला आणि खेळ सुरू झाला.

मुकुंद कसा खेळला ते सांगायला माडवेळची माणसं अजून उभी राहतात. खाली बघून चालणारं ते पोर हवेत गेलं की लोक श्वास धरत. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून असा वर जाई आणि चेंडू काढून आणी, जसा शेंड्यावरचा नारळ. द्वारका टाळी वाजवत नव्हती. तिचं लक्ष पोराच्या हातांकडे नव्हतंच, पायांकडे होतं.

ऊन कलंडायला लागलं. खाडीपारवाले पुढे होते की बरोबरीत होते यावर दोन्ही गावांचं आजतागायत एकमत नाही. कुणीतरी एक लांब लाथ मारली. चेंडू उंच गेला आणि वाऱ्यानं तो धरला. लांबट चेंडूचं तसंच असतं, तो कुठे वळेल ते त्यालाही माहीत नसतं. तो वळला कड्याकडे. त्याच्याखाली दोघं धावले, मुकुंद आणि युनूस. दोघांची तोंडं आकाशाला.

कडेला बसलेली माणसं ओरडली, पण वारा तोंडातला शब्द तोंडात परत कोंबत होता. दोघं येत राहिले. मुकुंद येत होता खैरूनबीच्या रोखानं. आणि युनूस, तो ताडमाड युनूस, सरळ द्वारकेवर.

इथं सांगणारं माणूस नेहमी थांबतं.

कारण द्वारकेला फक्त हातभर सरकायचं होतं. हातभर डावीकडे, की तिचा मुकुंद तिच्या मिठीत. अख्खं शरीर तिकडे ओढत होतं म्हणे, जसं पाळण्यातलं पोर रडल्यावर ओढतं. ज्या एका गोष्टीसाठी ती इथं येऊन बसली होती ती तिच्या डावीकडून धावत येत होती. पण ती सरकली असती तर तिच्या जागी मोकळी वाट राहिली असती, आणि त्या वाटेवर दुसरीचं लेकरू होतं. शेजारी खैरूनबीलाही तेच दिसत होतं. तिलाही फक्त हातभर उजवीकडे यायचं होतं.

दोघींपैकी एकही हलली नाही.

द्वारकेनं डोकं खाली घातलं आणि युनूसच्या दोन्ही पायांना गुडघ्याखाली मिठी मारली. तो तिच्या पाठीवरून पलीकडे कोसळला, सबंध लांबीनं. तिनं जागा मोजली होती ती मुकुंदाच्या उंचीची. युनूस हातभर जास्त. त्याचे हात आणि कपाळ कड्याच्या बाहेर गेले आणि त्याला खाली फेसाळतं पाणी दिसलं, पण पाय द्वारकेच्या पंज्यांत होते. काथ्याचे ते पंजे. ते सुटले नाहीत.

सगळीकडे धूळ, आणि डोकं वर करून बघायची तिची हिंमत होईना. तसंच जमिनीत तोंड घालून तिनं विचारलं, "बाय, माझा आहे का गो?"

धुळीतून खैरूनबीचा आवाज आला. "आहे. माझा?"

"आहे."

मग दोघी रडायला लागल्या, आणि तरी कुणी मिठी सोडेना. शेवटी खैरूनबीच्या मिठीतला मुकुंदच म्हणाला, "मावशी, सोडा आता, पाय मोडेल," तेव्हा कुठे गावाच्या जिवात जीव आला.

चेंडू गेला तो गेलाच. खाली समुद्रात एक तांबडा ठिपका थोडा वेळ दिसला आणि नाहीसा झाला. सामना तिथंच संपला. कोण जिंकलं, असं पोरं विचारायला लागली, तेव्हा जनूआबा म्हणाला, "समुद्र जिंकला. एवढ्या लांबनं गोल, पुरे सहा गुण त्याला."

युनूस बराच वेळ कातळावर बसून होता. मग उठून द्वारकेच्या पायाशी आला.  "काकी," तो म्हणाला, "पुढच्या वेळी मोजायला मला झोपवा."

तेव्हापासून उंचातला उंच खेळाडू झोपवून कड मोजतात, आणि हातसुद्धा पुढे ताणायला लावतात. त्याच संध्याकाळी, सगळे सड्यावर असतानाच, क्लब ठरला. पहिल्या मेंबर दोन, द्वारका आणि खैरूनबी. केशव म्हणाला मला तिसरा घ्या, तर द्वारका म्हणाली, "तुम्ही आधी एक हंगाम बसून दाखवा, भावजी." आणि तो बसला, शिट्टी दुसऱ्याला देऊन. तिकडनं आणलेला दोन रंगी मफलर त्यानं वहिनीच्या गळ्यात घातला, तेव्हा ती म्हणाली की भर उन्हात हे काय लोढणं. पण काढला नाही.

पुढची दोन वर्षं नवा चेंडू मिळेना. जाड ताडपत्री शिवून, आत काथ्या भरून चेंडू केला आणि त्यावर खेळले. तो आणखीनच वाकडा जायचा. कड तशीच भरायची. हळूहळू त्याचे नियम झाले, कुणी बसून केले नाहीत, आपोआप झाले. कडेकरी आपल्या लेकराच्या समोर जागा मागत नाही. जागा चिठ्ठी टाकून ठरते, पहिल्या दोघींची तेवढी ठरलेली, आणि समोरून येईल तो आपला. नवीन माणूस पहिल्यांदा कडेला बसला की शेजारचा कडेकरी त्याला विचारतो, "माझा आहे का?" आणि त्यानं म्हणायचं, "आहे." एवढं बोललं की तो मेंबर. दुसरी शपथ नाही. ज्यांना पोरबाळ नाही तेही येऊन बसतात, आणि त्यांना तर दोन्ही गावांची पोरं मिळतात.

कड्यावरून त्यानंतर कुणी गेलं नाही. चेंडू किती गेले त्याला मात्र गणती नाही.

द्वारका पुढे खूप वर्षं बसली. मुकुंद खेळायचा थांबला, त्याचे केस पिकले, तरी ती बसायची. कुणी म्हणालं, आता तुझा कोण खेळतोय? तर म्हणायची, "सगळेच." खैरूनबी आधी गेली. तिच्या जागेवर त्या हंगामात द्वारकेनं कुणाला बसू दिलं नाही, आणि पुढच्या हंगामात स्वतःच युनूसच्या बायकोला हाताला धरून तिथं बसवलं. दोघींच्या नावाचा दगड सड्यावर कुठे नाही. पाहुणे शोधतात. त्यांना गावकरी सांगतात, दगडाला आपण अडखळतो, म्हणून नाही लावला.

आजही दसरा झाला की खाडीपारची होडी भरून भरून माणसं घेऊन येते, त्यांच्या हातात डबे, कडेवर पोरं. आजही कड पुरी भरल्याशिवाय चेंडू उडवत नाहीत, मग किती का उशीर होईना. पण हल्ली दक्षिणेच्या टोकाला माणसं कमी पडतात. जाणती माणसं थकली, तरणी पोटापाण्यासाठी बाहेर गेली. गेल्या हंगामात दोनदा असं झालं की दोन्ही संघ खांबांपाशी उभे आणि चुन्यावर जागा रिकाम्या, आणि सगळे पाखाडीकडे डोळे लावून बसलेले, कुणी चढून येतंय का. शेवटी दूध घालायला आलेला एकजण बसला, आणि एक शाळेतल्या बाई बसल्या, तेव्हा खेळ झाला.

तर ही गोष्ट ज्यांच्या कानावर गेली त्यांना माडवेळचं एवढंच मागणं आहे. खेळता येत नसलं तरी चालेल, खेळ कळत नसला तरी चालेल. यायचं, पाठ समुद्राला करून बसायचं, आणि समोरून धावत येणारा कुणाचा ते विचारायचं नाही. तुम्हाला नाही जमलं, तर तुमच्या ओळखीत कुणी असेल. शेजारणीला सांगा, माहेरी सांगा, बाजारात कुणी भेटलं तर सांगा, की दक्षिणेच्या टोकाला जागा आहेत.